डावीकडच्या सीटवरचं शिक्षण

"उजवा पाय आता नाहीच, असं समज," अप्पा म्हणतात आणि पट्टा आवळतात.

चालकाच्या सीटवर पांडेसऱ्याचा एक तरुण ड्रायव्हिंग मास्तर बसला आहे. त्याचा उजवा पाय सीटच्या कडेला बांधून टाकलाय. गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे क्लचचा प्रश्न नाही; पण ब्रेक आणि रेस दोन्ही आता डाव्या पायानं सांभाळायचं. ब्रेकपर्यंत पाय पोचतो. रेसचं पेडल मात्र पार उजवीकडे. तो कंबर पिळतो, गुडघा स्टेअरिंगला घासतो आणि पेडल नको तेवढं दाबलं जातं. गाडी पुढे उसळते. डावीकडच्या सीटवरून अप्पा आपल्या बाजूचा ब्रेक मारतात.

"गाडी किती वर्षं चालवतोस?"

"बारा."

"मग सांग, एक पाय निकामी झालेला माणूस तुझ्या स्कूलमध्ये आला, तर त्याला पहिला प्रश्न काय विचारशील?"

"विचारीन, काका, हे कशानं झालं?"

"ते डॉक्टर विचारतो. तू विचार, काय काय चालतं? त्यावरच तुला गाडी शिकवायची आहे."

रविवारची सकाळ आहे. सुरतचं कापड मार्केट बंद असल्यानं उधन्याकडून डिंडोलीला येणाऱ्या रस्त्यावर ताग्यांनी भरलेले टेम्पो नाहीत. मैदानाच्या कडेला 'एल'च्या गाड्या ओळीनं लागल्या आहेत. नंबर सगळ्यांचे जीजे 05, टपावरचे फलक मात्र वेगवेगळ्या ड्रायव्हिंग स्कूलांचे. एरवी ही मंडळी एकमेकांची गिऱ्हाइकं ओढत असतात. आज अप्पांच्या शब्दाखातर सगळे एकत्र आलेत, आणि तेही शिकायला. उधना, लिंबायत, गोडादरा, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली वस्ती दाट आहे. अप्पा स्वतः ड्रायव्हिंग मास्तर, तेही मूळचे शहाद्याकडचे. त्यामुळे मैदानावर मराठी, गुजराती, हिंदी आणि अहिराणी एकाच वाक्यात नांदतात.

अप्पांना हे सगळं करावंसं वाटलं ते नानांमुळे. नाना झाडाखाली खुर्चीवर बसलेत, दोन्ही पायांना कॅलिपर, कुबड्या खोडाला टेकवलेल्या. लहानपणी पोलिओ झाला. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात अख्खी उमर गेली. मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर त्यांनी संसार ओढला, पोरं शाळेत पोचवली. आता खांदे बोलायला लागलेत.

"ज्या खांद्यांवर चाललो, तेच आता नको म्हणतात," नाना मला सांगतात. "पावसात स्कूटर घसरते. म्हणून म्हटलं, गाडी शिकू."

भारतात नैसर्गिक विषाणूनं झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला, पण पोलिओ झालेली माणसं इथंच आहेत आणि ती आता पन्नाशी-साठीत पोचली आहेत. अपंगत्व आणि वय या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या असतात. नानांच्या खांद्यात त्या एकत्र आल्या आहेत. नाना ज्या ज्या स्कूलमध्ये गेले, तिथं त्यांना एकच उत्तर मिळालं: "आमच्याकडे अपंगांना शिकवत नाहीत." कुणी उद्धटपणे बोललं नाही. शिकवायचं कसं, हे कुणाला माहीतच नव्हतं.

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या माणसांची सुरतला वानवा नाही. डिसेबल्ड वेल्फेअर ट्रस्ट ऑफ इंडियाच्या कनुभाई टेलरांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ते याच शहराचे. कायदाही आड येत नाही. अप्पांच्या पिशवीत कागदांची चळत आहे; त्यातला एकेक कागद काढून ते मास्तरांसमोर धरतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेल्या वाहनाची स्पष्ट व्याख्या आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, आणि त्याच्या कलम 41 मध्ये सवलतींसाठी आणि गाडीत बदल करून घेण्यासाठी सरकारनं योजना आखाव्यात, असंही लिहिलंय.

"आता हा कागद बघा," अप्पा म्हणतात. "हा आपल्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989. नियम 24. मास्तर व्हायला काय लागतं? दहावी पास, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकच्या कोर्सचा दाखला. इंजिनाची माहिती मागितली आहे. समोर बसलेल्या माणसाच्या अंगाची कुणी मागितलेली नाही."

अंगाची माहिती द्यायला ताई आल्या आहेत. त्या फिजिओथेरपिस्ट. त्या मास्तरांना नानांच्या गाडीपाशी गोळा करतात. नाना कुबड्या टेकत येतात. पांडेसऱ्याचा तरुण पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घालायला जातो.

"थांब. त्यांना विचारलंस?" ताई म्हणतात. "काखेतून ओढलंस तर आधीच दुखणारा खांदा तू आणखी दुखावशील. ते रोज उठतात, बसतात. त्यांची रीत त्यांना ठाऊक आहे. तू फक्त दार पूर्ण उघड आणि सीट मागं घे."

नाना गाडीकडे पाठ करतात, एका हातानं टपाची कड पकडतात, आधी बसतात. मग उजव्या पायाचं कॅलिपर गुडघ्यात सोडून हातानं पाय उचलून आत ठेवतात, तसाच डावा. कुबड्या मागच्या सीटवर जातात. बेल्ट लागतो. घाईचं कारण नाही, म्हणून ते घाई करत नाहीत. मास्तर मंडळी हे पहिल्यांदाच इतक्या जवळून बघताहेत, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतं.

"नानांना पोलिओ आहे," ताई सांगतात. "म्हणजे पायातली ताकद गेली, पण स्पर्श कळतो. मणक्याला इजा झालेला माणूस तुमच्याकडे येईल, त्याची गोष्ट निराळी. त्याचा पाय पेडलखाली अडकला तरी त्याला पत्ता लागणार नाही. कधी पाय आपोआप झटका देईल. निघण्याआधी पाय कुठं आहेत, हे तुम्ही डोळ्यांनी बघायचं. इजा वरच्या भागात असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, अंग तापत जातं. त्याला मे महिन्यात दुपारचा लेसन द्यायचा नाही. आणि बसून बसून जखम होते. मधे मधे हातांवर जोर देऊन अंग उचलायला सांगायचं."

एक प्रौढ मास्तर खिशातून छोटी वही काढून लिहून घेतात. ते बघून आणखी दोघं मोबाइलवर टिपायला लागतात.

स्टेअरिंगच्या खाली उजव्या अंगाला एक दांडी बसवली आहे. सळ्यांनी ती ब्रेक आणि रेस या दोन्ही पेडलांना जोडलेली. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की रेस. ब्रेक ढकलण्यातच का ठेवलाय, हे अप्पा समजावतात: जोरात थांबताना माणसाचं अंग पुढे जातं, तेव्हा हात चुकूनही रेसकडे जायला नको. स्टेअरिंगवर डावीकडे एक गोल मूठ आहे, एका हातानं चाक पुरतं फिरवण्यासाठी. असा संच घेताना त्याला पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता आहे का, हे आधी बघायचं, असं अप्पा दोनदा बजावतात. गल्लीतल्या वेल्डरकडून सळई जोडून घेणारे लोक त्यांनी पाहिले आहेत.

पांडेसऱ्याचा मास्तर डावीकडे बसतो, मागं अप्पा आणि मी. ही नानांची स्वतःची गाडी, त्यामुळे मास्तरच्या पायाशी ब्रेक नाही. मधला हँडब्रेक काय तो त्याच्या हाताशी. गाडी निघते. नाना दांडी इतकी हलकी ओढतात की आवाजही वाढत नाही. विटा ठेवून आखलेल्या रस्त्यावर पहिलं वळण येतं. मूठ फिरते, चाक फिरतं, तोच मास्तरचा उजवा हात स्टेअरिंगकडे झेपावतो.

"हात मांडीवर," मागून अप्पा.

"पण अप्पा, वीट..."

"वीट आहे ना, माणूस नाही. लागू दे."

वीट लागत नाही. पुढच्या वळणावर हात पुन्हा उठतो, पुन्हा "हात मांडीवर". तिसऱ्या वळणाला तो हात अर्ध्यावरून आपणहून परत येतो. नाना आता वळणाआधीच वेग उतरवतात आणि चाक सरळ झाल्यावर रेस घेतात. एका हाताला चाक आणि दुसऱ्याला वेग अशी वाटणी असल्यानं दोन्ही हातांची लय बसावी लागते. ती लय मास्तरनं मधे हात घातला की मोडते. मला हे मागच्या सीटवरून स्वच्छ दिसतं. मास्तर गप्प बसला की नानांची गाडी सरळ चालते.

उतरल्यावर अप्पा सगळ्यांना मुख्य अडचण सांगतात. आपल्या स्कूलच्या गाड्यांना डबल ब्रेक असतो, तो नियमानंच लागतो. पण त्यांना हातानं चालवायची दांडी नसते. शिकणाऱ्याच्या गाडीला दांडी असते, पण डबल ब्रेक नसतो. म्हणजे दिव्यांग माणसानं आपल्याला गाडी जमेल की नाही हे कळायच्या आधीच गाडी विकत घ्यायची, तिच्यात बदल करून घ्यायचे आणि मग मास्तरच्या ब्रेकशिवाय रस्त्यावर यायचं. धडधाकट शिकाऊ माणसाला आपण असं कधी सांगत नाही. तो फी भरतो, शिकतो, परवाना काढतो आणि मग गाडीचं बघतो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. तो कायद्यात कुठं लिहिलेला नसल्यानं कुणाच्या लक्षातही येत नाही.

वराछ्याहून एक तरुण आलाय, सोबत दुभाषा म्हणून भाऊ. तरुण हिऱ्याच्या कारखान्यात काम करतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 14 फेब्रुवारी 2011 रोजी बहिऱ्या व्यक्तींना परवान्याची वाट मोकळी केली, हे अप्पांच्या चळतीतला आणखी एक कागद सांगतो. तरी एक मास्तर विचारतातच, "मागून हॉर्न दिला तर याला कळणार कसं?"

"काचा लावून, एसी चालू करून, मोठ्यानं गाणी लावणाऱ्याला कसं कळतं?" अप्पा विचारतात. "हा आरशात बघतो. त्याला जास्त वेळा बघायला शिकवायचं, एवढंच."

पण मास्तरचं सगळं हत्यार म्हणजे जीभ. हळू, डावीकडे, क्लच सोडा, अहो समोर बघा! ते हत्यार इथं खाली ठेवावं लागतं. म्हणून गाडी सुरू व्हायच्या आधी भाऊ मधे बसून खुणा ठरतात. तळवा आडवा म्हणजे हळू. मूठ म्हणजे थांब. डॅशबोर्डवर बोट ज्या बाजूला, त्या बाजूला वळ. खूण काचेच्या खालच्या कडेपाशीच करायची; तोंडाजवळ केली तर शिकणारा रस्ता सोडून मास्तरकडे बघेल. काही समजावून सांगायचं असेल तर गाडी बाजूला घ्यायची, थांबवायची, मग वहीवर आकृती काढायची.

गोडादऱ्याचे एक मास्तर त्याच्याबरोबर बसतात. पहिल्या फेरीत ते सवयीनं बोलतच राहतात. दुसऱ्या फेरीत ओठ मिटतात. पोरगा हिऱ्याचे पैलू पाडणारा, नजर तयार. मैदानात शिरणारं कुत्रं मास्तरच्या आधी त्याला दिसतं आणि मास्तरची मूठ उठायच्या आत गाडी थांबलेली असते. मास्तर त्याची पाठ थोपटतात.

ऊन चढायला लागतं तशा बाई पुढे येतात. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं. इथल्या अर्ध्या मास्तरांनी शाळेत त्यांचा मार खाल्ला आहे किंवा कौतुक तरी. त्या 64 वर्षांच्या आहेत. यजमान गेले, गाडी पार्किंगमध्ये धूळ खातेय. त्यांना बहिणीकडे नवसारीला जायचंय, दवाखान्यात जायचंय, आणि दर वेळी भाच्याची मिनतवारी करायची नाही.

त्यांच्यासाठी अप्पांनी मास्तरांना आधी तयार केलंय. एकेकाच्या मानेभोवती टॉवेल गुंडाळून पिन लावली, पोहण्याचा गॉगल व्हॅसलिन फासून डोळ्यांवर चढवला आणि रिव्हर्स घ्यायला लावलं. मान वळत नाही, कडा दिसत नाहीत, उन्हाची तिरीप काचेवर पसरते. एकानंही गाडी खुणेत नीट लावली नाही. अमेरिकेत एमआयटीच्या एजलॅबनं याच कामासाठी अख्खा पोशाख बनवलाय. तो घातला की तरुण माणसाला म्हातारपणाचं अंग कळतं. इथं टॉवेल आणि गॉगलनं भागतं.

"वय झालं म्हणजे अक्कल गेली असं नाही," ताई सांगतात. "डोळ्याची बाहुली लहान होते, उजेड कमी आत जातो, समोरच्या दिव्यानं डोळे दिपले की सावरायला वेळ लागतो. मान आणि कंबर आखडते. मधुमेह जुना असेल तर तळपायाला पेडल नीट कळत नाही. एका वेळी दोन सूचना दिल्या की गोंधळ होतो. म्हणून एका वेळी एकच सांगायची, आणि चौक येण्याच्या बऱ्याच आधी."

बाईंची सीट उंच केली जाते, आरसे त्यांच्या मानेच्या बेतानं लावले जातात. चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरचा फॉर्म 1-अ लागतो. त्यात 25 मीटरवरून गाडीच्या नंबरची पाटी वाचता येते का, हा प्रश्न असतो. अप्पा तो इथंच तपासतात. बाई पाटी वाचतात, शेवटचा आकडा क्षणभर अडखळून.

"चष्म्याचा नंबर तपासून या, बाई. मगच रस्त्यावर."

"बरोबर आहे," बाई म्हणतात. त्यांना उत्तर नेमकं हवं असतं.

बाई सावकाश चालवतात, पण विसरत नाहीत. उजवीकडे वळणं हा वयस्कांचा खरा कस. समोरून येणाऱ्यांचा वेग जोखायचा, फट शोधायची आणि त्याच वेळी पायी चालणाऱ्यांकडे बघायचं. अप्पा त्यांना पर्याय देतात: गर्दीच्या चौकात उजवीकडे वळायचा हट्ट धरायचा नाही, पुढे जाऊन पुलाखालून वळून यायचं. सुरतला पूल भरपूर आहेत, त्यांचा हाही उपयोग.

मग गोडादऱ्याचे मास्तर सगळ्यांच्या मनातली गोष्ट काढतात. त्यांच्याकडे सत्तरीपुढचे एक गृहस्थ सराव करायला येतात. दोनदा सिग्नल दिसला नाही. मुलगा म्हणतो, तुम्हीच त्यांना थांबायला सांगा. "कसं सांगू? वडलांच्या वयाचे आहेत."

इथं अप्पांचा आवाज उतरतो, पण शब्द स्पष्ट असतात. "लिहून ठेव. कुठल्या चौकात, काय दिसलं नाही, किती उशिरा ब्रेक लागला. तारखेनिशी. मग त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखव. रात्री बंद करून चालेल का, ओळखीच्या रस्त्यापुरतं चालेल का, हे आधी बघ. काहीच चालत नसेल तर सांगायचं. तेही आपलंच काम आहे."

जपानमध्ये सत्तरीनंतर परवाना नव्यानं करताना ज्येष्ठांसाठीचा वर्ग करावा लागतो, पंचाहत्तरीनंतर स्मृती आणि आकलनाची चाचणी असते, आणि 2022 पासून नियम मोडलेल्या पंचाहत्तरीपुढच्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. आपल्याकडे पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी परवाना नव्यानं करावा लागतो. त्या पाच वर्षांत माणसाला शेजारी बसून बघणारं कुणी असेल तर तो हा मास्तरच.

चहा येतो. अप्पा मोबाइलवर एक जुनी बातमी सगळ्यांना दाखवतात. केरळच्या जिलुमोल मॅरिएट थॉमस, जन्मतः दोन्ही हात नाहीत, डिसेंबर 2023 मध्ये पायांनी गाडी चालवून त्यांनी परवाना मिळवला. त्याआधी इंदूरच्या विक्रम अग्निहोत्रींनी, तेही दोन्ही हातांशिवाय, बरीचशी स्वतःच्या स्वतः शिकून परवाना काढला. "स्वतःच्या स्वतः" या शब्दांवर अप्पा थांबतात. "म्हणजे शिकवणारा मिळाला नाही. हा त्यांचा पराक्रम आहे आणि आपल्या धंद्याची लाज."

अमेरिकेत 1977 पासून अशा प्रशिक्षकांची स्वतंत्र संघटना आहे; थेरपिस्ट आणि ड्रायव्हिंग शिक्षक तिथं एकत्र काम करतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतात. आपल्याकडे दोन्ही पेशांची माणसं गावोगाव आहेत. त्यांची गाठ पडत नाही, आणि या मैदानात ती पडली की एका सकाळीत किती फरक पडतो, ते मी बघतोय.

पैशाचा विषय निघतो, तो निघणारच. नानांसारख्याला दुप्पट वेळ लागतो, मग फी दुप्पट घ्यायची का? एक जण हो म्हणतो. वहीत लिहून घेणारे प्रौढ मास्तर मान हलवतात: "सुस्त पोराला जास्त दिवस लागतात, त्याच्याकडून आपण दुप्पट घेतो का?" बराच वेळ वाद होतो, आवाज चढतात. मग अप्पा त्यांचा बेत मांडतात. सगळ्या स्कूलांनी मिळून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घ्यायची. तिला हाताची दांडी, डाव्या पायाची रेस, गोल मूठ आणि मास्तरच्या बाजूला ब्रेक, सगळं बसवायचं. ज्याच्याकडे असा शिकणारा येईल त्यानं ती न्यायची, फी नेहमीचीच. आरटीओला अर्ज अप्पा करतील. पाच मास्तर लगेच हो म्हणतात. बाकीचे घरी विचारून सांगणार आहेत.

"माले पयलाच नंबर द्या, अप्पा," नाना कुबड्या काखेत घेता घेता अहिराणीत बजावतात. "परीक्षा माले त्याच गाडीवर देनी शे."

हे काम एका अप्पांच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. नियम 24 मध्ये आणखी एक ओळ हवी: दिव्यांग आणि वयस्क शिकणाऱ्यांना कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय मास्तरचा दाखला मिळणार नाही. आणि प्रत्येक आरटीओच्या हद्दीत दांडी आणि डबल ब्रेक दोन्ही असलेली निदान एक गाडी हवी. खर्च फार नाही. परवाना देणारं सरकार परवान्यापर्यंत पोचायची वाटही देणं लागतं, आणि ती वाट ज्याच्या शेजारी बसून काढायची त्या मास्तरला शिकवण्यापासूनच तिची सुरुवात होते.